ज्यू मुलांसाठीच्या स्मृती-शिष्यवृत्त्या: अमेरिकेत कॉलेजला निघालेल्या आपल्या मुलांसाठी

अमेरिकेतल्या ज्यू समाजात बऱ्याच शिष्यवृत्त्यांना गेलेल्या माणसाचं नाव असतं. कुणाची मुलगी विशीतच गेली, कुणाचे वडील आयुष्यभर सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) युवा मंडळासाठी झिजले, आणि घरच्यांनी त्यांच्या नावानं पैसे ठेवले. समाजासाठी धडपडणाऱ्या एका-दोघा मुलांच्या कॉलेजला दरवर्षी हातभार लागावा, हा त्यामागचा हेतू. ठाणे, मुंबई, अलिबागहून किंवा इस्रायलहून नव्यानं आलेली आपली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं या शिष्यवृत्त्यांकडे फारशी वळत नाहीत, असं मी वर्षानुवर्षं पाहते आहे. आपल्या मुलांत गुण भरपूर आहेत. शोधायचं कुठे, आपण बसतो का, पत्र कुणाचं घ्यायचं, हे सांगणारं माणूस मात्र जवळ नसतं.

माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी आम्ही या वाटेनं गेलो, आणि त्यानंतर न्यू जर्सीतल्या ओळखीच्या घरांतल्या मुलांचे अर्जही मी वाचत आले. त्यातून जे उमगलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. मूल नववीत असतानाच हे वाचलंत तर उत्तम. बारावीत असेल तरी वेळ गेलेली नाही.

१. कुठले पैसे कशाचे, ते आधी ओळखा

‘ज्यू स्कॉलरशिप’ असा शोध घेतला की चार वेगळ्या गोष्टी एकाच यादीत येतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिली खरी स्मृती-शिष्यवृत्ती. हिचा निधी बहुतेक वेळा स्थानिक ज्यू फेडरेशन (त्या भागातल्या ज्यू समाजासाठी देणग्या जमवणारी संस्था), कम्युनिटी फाउंडेशन किंवा एखादं सिनेगॉग सांभाळतं. मुद्दल तसंच ठेवून गुंतवणुकीच्या उत्पन्नातून दरवर्षी पैसे दिले जातात, म्हणून रक्कम सगळ्या वर्षी सारखी नसते. ती लहान असते, पण अर्जदारही कमी असतात. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

दुसरा प्रकार देशपातळीवरच्या मोठ्या पुरस्कारांचा. हेलन डिलर यांनी २००७ मध्ये सुरू केलेला ‘डिलर टीन तिक्कुन ओलाम’ (तिक्कुन ओलाम म्हणजे जग सावरणं) पुरस्कार सगळ्यांत माहितीचा. स्वयंसेवेचं काम उभं करणाऱ्या १३ ते १९ वयाच्या ज्यू मुलांना त्यात प्रत्येकी ३६,००० डॉलर दिले जातात. ३६ म्हणजे दोनदा १८, आणि १८ हा आपल्याकडे ‘खाय’चा, आयुष्याचा आकडा. हेलनबाई २०१५ मध्ये गेल्या, पुरस्कार त्यांच्या कुटुंबाच्या फाउंडेशनकडे आहे. सगळ्या देशातून जास्तीत जास्त पंधराएक मुलं निवडली जातात, तेव्हा जरूर अर्ज करा, पण कॉलेजच्या खर्चाचं गणित त्यावर मांडू नका.

तिसरा प्रकार बिनव्याजी कर्जाचा. न्यू यॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ पासून बिनव्याजी कर्ज देते. फ्लोरिडा, जॉर्जिया, दोन्ही कॅरोलिना आणि व्हर्जिनियाचा बराचसा भाग, इथल्या ज्यू विद्यार्थ्यांसाठी ज्यूइश एज्युकेशनल लोन फंड आहे. दोन्ही चांगल्या संस्था आहेत, पण हे पैसे परत करायचे असतात. अर्जात ‘लोन’ हा शब्द कुठे आहे का, ते नीट बघा.

चौथा प्रकार कार्यक्रमांचा. एडगर ब्रॉन्फमन यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ब्रॉन्फमन फेलोशिप मोठ्या मानाची आहे. अकरावीतली २६ मुलं निवडून त्यांना अभ्यासाला नेतात, त्याचा खर्चही तेच करतात. कॉलेजची फी मात्र त्यातून भरली जात नाही.

आणि नाव ‘मेमोरियल स्कॉलरशिप’ असलं तरी पैसे कशासाठी आहेत हे वाचलंच पाहिजे. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजची अलिसा फ्लॅटो ब्रँडाइस विद्यापीठात शिकत होती. एप्रिल १९९५ मध्ये गाझा पट्टीत कफार दारोमजवळ बसवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात ती गेली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्या काळात ती जेरुसलेममध्ये धार्मिक शिक्षण घेत होती. तिच्या नावाची शिष्यवृत्ती हायस्कूल संपल्यावर इस्रायलमधल्या धार्मिक संस्थांत वर्षभर शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे. रटगर्स विद्यापीठात इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलानं तिथे अर्ज करून काही होणार नाही. ज्या माणसाच्या नावानं निधी आहे त्याचं आयुष्य आधी वाचायचं ते यासाठी: अटी त्या आयुष्यातूनच आलेल्या असतात.

२. शोध घरापासून सुरू करा

आपला पिनकोड कुठल्या ज्यू फेडरेशनमध्ये येतो ते आधी बघा. एडिसनमध्ये मराठी घरं खूप आहेत. ते मिडलसेक्स काउंटीत येतं, आणि मिडलसेक्स व मनमथ मिळून ‘हार्ट ऑफ न्यू जर्सी’ फेडरेशन आहे. एसेक्स आणि मॉरिस काउंटी ‘ग्रेटर मेट्रोवेस्ट’मध्ये जातात. बऱ्याच निधींची अट ‘या काउंटीतला रहिवासी’ अशी असते. एका रस्त्यापलीकडचं घर पात्र आणि अलीकडचं अपात्र, असंही होतं.

फेडरेशननंतर मूल ज्या युवा संघटनेत जातं तिथे विचारा: बी.बी.वाय.ओ., यू.एस.वाय., निफ्टी (एन.एफ.टी.वाय.), एन.सी.एस.वाय., जी असेल ती. मग ज्या कॉलेजांत अर्ज करता आहात तिथल्या हिलेलला. हिलेल १९२३ पासून कॉलेजच्या आवारात ज्यू विद्यार्थ्यांसाठी काम करते. काही शिष्यवृत्त्या आधीच कॉलेजात असलेल्या मुलांसाठी असतात, त्यांचा पत्ता तिथे लागतो. शाळेच्या गायडन्स काउन्सेलरकडेही गावातल्या निधींची यादी असते. त्यांना तुम्ही ज्यू आहात हे सांगा, कारण आपल्या आडनावावरून ते त्यांच्या लक्षात येत नाही.

फोन करायला लाजू नका. कार्यालयातल्या बायकांना असे फोन रोज येतात. ‘या वर्षी अर्ज कधी उघडणार’ एवढं विचारलं तरी त्या दोन-तीन इतर निधींची नावं आपणहून सांगतात.

सापळा: अर्ज करायला फी मागणारी किंवा ‘तुमची निवड झाली आहे, बँकेचा तपशील पाठवा’ म्हणणारी जाहिरात. खरा स्मृती-निधी फी घेत नाही. संस्था खरी आहे का हे अमेरिकेच्या कर-खात्याच्या संकेतस्थळावर, करमुक्त संस्थांच्या शोध-पानावर नाव टाकून बघता येतं.

३. आपण पात्र आहोत का

हा प्रश्न आपल्या घरांत दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इस्रायलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्राएलांच्या लग्नांवरून रबाय (धर्मगुरू) मंडळींनी शंका काढली, आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये आपण सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहोत हे मान्य झालं. ज्यांच्या घरात तो काळ सोसलेले आजी-आजोबा आहेत त्यांना कुठलाही ‘ज्यू असल्याचा पुरावा’ मागणारा अर्ज दिसला की धास्ती वाटते. ती धास्ती बाजूला ठेवा. बहुतेक शिष्यवृत्त्यांत अट ‘स्वतःला ज्यू मानणारा’ अशी असते. डिलर पुरस्काराचीही तीच आहे. काही धार्मिक संस्था आईकडून ज्यू असल्याबद्दल विचारतात. तिथे आई-वडिलांचा केतुबा (लग्नाचा करारनामा) आणि मूळच्या सिनेगॉगचं पत्र पुरावा म्हणून देता येतं. ठाण्याचं शाआर हाशामाईम असो की मुंबईचं शाआर हाराहमीम, त्यांच्या विश्वस्तांना आधीच लिहून ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो.

नागरिकत्वाची अट मात्र खरोखर आडवी येते. सरकारी मदतीचा ‘फाफ्सा’ अर्ज नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि इतर काही ठरावीक गटांनाच उपयोगी पडतो. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या, मुलांना ती मदत मिळत नाही. खासगी स्मृती-निधी आपल्या अटी आपण ठरवतात. काहींना नागरिकत्व लागतं, काहींना फक्त त्या भागात राहणं पुरतं. अर्जात स्पष्ट नसेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

४. हे कागद एका फोल्डरमध्ये तयार ठेवा

— शाळेचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांचं गुणपत्रक). शाळेनं थेट पाठवलेलं हवं की आपण छापलेलं चालेल, हे प्रत्येक अर्जात वेगळं असतं.
— एका पानाचा रेझ्युमे: काम, किती काळ केलं, कुणासाठी केलं.
— सेवेच्या तासांची नोंद. तारीख, ठिकाण, जबाबदार व्यक्तीची सही. ही नववीपासून ठेवली तरच धड राहते. नंतर आठवून लिहिलेली नोंद वाचणाऱ्याला कळते.
— दोन शिफारसपत्रं.
— निबंध.
— कॉलेजचं प्रवेशपत्र आणि त्यांनी देऊ केलेल्या आर्थिक मदतीचं पत्र.
— गरजेवर आधारित निधी असेल तर फाफ्साचा सारांश आणि पालकांचा फॉर्म १०४० (आयकर विवरणपत्र). फाफ्सा साधारण १ ऑक्टोबरला उघडतो आणि त्यात दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाचे आकडे लागतात. त्यानंतर नोकरी गेली असेल किंवा भारतात आई-वडिलांच्या आजारपणाचा खर्च पडला असेल, तर वेगळं पत्र जोडा. फॉर्ममध्ये त्याला जागा नसते.

पासपोर्टवर, शाळेत आणि सिनेगॉगमध्ये मुलाचं नाव वेगवेगळं असेल तर अर्जात सगळीकडे शाळेतलंच वापरा.

५. ‘नेतृत्व’ म्हणजे काय ते समजून घ्या

अर्जात शब्द असतो ‘लीडर’, आणि आपली मुलं तिथेच मागे सरतात. मी कुठे अध्यक्ष आहे, असं म्हणतात. स्वतःची टिमकी वाजवू नये हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि ते चांगलंच आहे. पण समिती पद शोधत नसते. जे आधी होत नव्हतं ते या मुलामुळे होऊ लागलं का, आणि हे मूल कॉलेजला गेल्यावर ते चालू राहील का, एवढं त्यांना बघायचं असतं.

आपल्या भारतीय ज्यू मंडळींच्या प्रार्थना भाड्याच्या हॉलमध्ये किंवा दुसऱ्याच्या सिनेगॉगमध्ये होतात. तिथे खुर्च्या लावण्यापासून मलिद्याचं, म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या (एलियाहू संदेष्ट्याच्या) प्रार्थनेबरोबरच्या पोहे-खोबऱ्याचं, ताट भरण्यापर्यंत सगळं घरच्यांनीच करायचं असतं. त्यात कुणी मुलगी लहानांना हिब्रू अक्षरं शिकवते, कुणी म्हाताऱ्यांची ने-आण करतो, कुणी आजीकडून जुनी मराठी कीर्तनं मोबाइलवर नोंदवून घेतो. हे सगळं नेतृत्व आहे. घरचं काम म्हणून ते मोजलं जात नाही. अर्जात मोजा.

मूल अजून नववी-दहावीत असेल तर एकच काम धरा आणि तीन वर्षं धरून ठेवा. दहा क्लबांत नाव असण्यापेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. दुसऱ्या वर्षी एखाद्या धाकट्या मुलाला बरोबर घ्या, तिसऱ्या वर्षी काम त्याच्या हाती द्या.

६. निबंध

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

आधी ज्याच्या नावानं निधी आहे त्याच्याबद्दल मुलानं स्वतः वाचावं. निधीच्या पानावर दोन परिच्छेद असतात, जुन्या ज्यू साप्ताहिकात मृत्युलेख सापडतो. वाचून झालं की एक प्रश्न: या माणसाला जे महत्त्वाचं होतं त्यातलं मी काय करतो? उत्तर काहीच नाही असं आलं, तर ती शिष्यवृत्ती सोडून पुढच्या अर्जाकडे वळणं बरं. ओढूनताणून जोडलेला धागा घरच्यांना लगेच कळतो, आणि अनेक समित्यांवर घरचं माणूस बसलेलं असतं. आपल्या लेकीचं नाव कुणीतरी शोभेपुरतं वापरलंय हे वाचून त्या आईला काय वाटेल, याचा विचार मुलांना करायला सांगा.

सुरुवात कामापासून करा. ‘मला समाजसेवेची लहानपणापासून आवड आहे’ या वाक्यानं वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘आमच्या प्रार्थनेला येणाऱ्या लहान मुलांपैकी कुणालाच हिब्रू वाचता येत नव्हतं, म्हणून मी शब्बाथनंतर (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसानंतर) अर्धा तास त्यांना बसवायला सुरुवात केली’ या वाक्यात माणूस दिसतो. मग अडचण सांगा: मुलं येईनाशी झाली, तेव्हा काय बदललं? मग आज काय चाललंय ते.

बेने इस्राएल म्हणजे कोण हे समितीला बहुधा माहीत नसतं. तीन वाक्यांत सांगून टाका: कोकणातले ज्यू, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्यांचे वंशज अशी परंपरा, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. बस. चौथ्या वाक्यापासून मुलाकडे परत या. आपल्या मुलांच्या निबंधात मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली अडचण हीच आहे. निम्मा निबंध समाजाच्या इतिहासाचा होतो आणि अर्ज करणारा मुलगा शेवटच्या परिच्छेदात उगवतो. मलिदा, एलियाहू हन्नाबीची प्रार्थना, पोहे-खोबऱ्याचं ताट हे जरूर येऊ द्या, पण मुलानं त्यात काय केलं त्याच्यासकट.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर ज्यूद्वेषाबद्दलचा प्रश्न बऱ्याच अर्जांत असतो. शाळेत काही घडलं असेल, मुलानं काही केलं असेल तर तेवढंच खरं लिहावं. काही घडलं नसेल तर बातम्यांवरून निबंध रचू नये.

निबंध मुलानंच लिहावा. आपण फक्त वाचावा आणि जिथे कळत नाही तिथे रेघ मारावी.

७. शिफारसपत्रं

नियम जवळपास सगळीकडे आहे: पत्र नातेवाइकाचं नसावं. आपली अडचण अशी की आपल्या मंडळात जो तो कुणाचा ना कुणाचा मामा, आत्या किंवा व्याही लागतो. म्हणून एक पत्र बाहेरच्या माणसाचं घ्या: युवा संघटनेचे सल्लागार, हिब्रू शाळेच्या शिक्षिका, ज्या वृद्धाश्रमात मूल जातं तिथल्या समन्वयक. अर्जात ‘रबायचं पत्र’ मागितलं असेल आणि आपल्या मंडळात रबाय नसून हझान प्रार्थना चालवत असतील, तर आधी कार्यालयाला विचारा. कारण समजावून सांगितलं की सहसा चालतं.

पत्र मागताना त्यांना निधीचं पान, मुलाचा रेझ्युमे आणि शेवटची तारीख एकत्र द्या, निदान महिनाभर आधी. तिश्री महिन्यात, म्हणजे रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि आपल्या आजीच्या भाषेतल्या दारफाळणीच्या सणापासून (योम किप्पूर) सुक्कोथ (मांडवांचा सण) संपेपर्यंत, कुठल्याही रबायकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. पेसाहच्या (वसंतातल्या पासओव्हर सणाच्या) आठवड्यातही नाही. नेमक्या याच काळात काही तारखा येतात.

८. तारखा आणि मुलाखत

मोठे पुरस्कार हिवाळ्यात बंद होतात, स्थानिक निधी बहुतेक जानेवारी ते एप्रिल. वेळ मध्यरात्रीची असली तरी दोन दिवस आधी अर्ज पाठवा. आणि शुक्रवारची तारीख असेल तर कार्यालय दुपारीच बंद होतं, नंतर संकेतस्थळ अडलं तर फोन उचलायला कुणी नसतं.

मुलाखत असेल तर ती छोटी आणि प्रेमळ असते. ज्यांच्या नावानं निधी आहे त्यांच्या नावाचा उच्चार आधी शिकून घ्या. घरचं कुणी समोर असेल तर कोरडं सांत्वन करण्यापेक्षा त्यांच्या माणसाबद्दल एखादी गोष्ट विचारावी. त्यांना त्याबद्दल बोलायला आवडतं.

९. मंजुरीचं पत्र आल्यावर

चेक बहुधा थेट कॉलेजच्या बर्सर (फी-हिशोबाच्या) कार्यालयात जातो, त्यासाठी मुलाचा विद्यार्थी क्रमांक आणि नोंदणीचा पुरावा लागतो. पुष्कळदा निम्मे पैसे फॉलमध्ये, निम्मे स्प्रिंगमध्ये येतात. पहिल्या बिलात ते वजा झाले का ते तपासा.

मोठा सापळा इथेच आहे. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं आपली ग्रँट (परत न करायची मदत) तेवढीच कमी करतात, आणि घरच्या हाती काहीच उरत नाही. मेरीलँडनं २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांपुरता याला कायद्यानं आळा घातला, कॅलिफोर्नियानंही नंतर कायदा केला. इतरत्र कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाला लेखी विनंती करा की कपात आधी कर्जातून आणि वर्क-स्टडीतून (शिकताना काम करून मिळणाऱ्या मदतीतून) करावी. ऐकलं नाही तर निधीच्या कार्यालयाला सांगा. पैसे पुढच्या वर्षी द्यायला किंवा पुस्तकांसाठी वळवायला काही निधी तयार असतात.

कराचं असं: पदवीच्या विद्यार्थ्यानं ट्युशन, सक्तीची फी आणि लागणारी पुस्तकं यांवर खर्च केलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. राहण्या-जेवणावर वापरलेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. पावत्या जपा.

घरच्यांना हातानं लिहिलेलं आभारपत्र पहिल्या महिन्यातच पाठवा, आणि वर्ष संपल्यावर कामाचं काय झालं ते सांगणारं दुसरं. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षासाठी वाढवून मिळणारी असेल तर सहसा पूर्णवेळ नोंदणी, म्हणजे सत्राला १२ क्रेडिट, आणि ठरलेला जी.पी.ए. (गुणांची सरासरी) लागतो. विषय सोडण्याआधी मुलानं ती अट वाचावी, आणि नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये तेव्हाच टाकून ठेवावी.